मनाई कोठे लिहिली आहे?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या शासकीय शाळेतील नववीच्या मुलांनी एक हस्तलिखित तयार केले. शाळेचे माध्यम हिंदी. परंतु वर्गात चार-दोन मराठी घरांतील मुले आहेत, आणि हस्तलिखिताची हौस बहुधा त्यांच्याच घरांतून आली असावी. मुखपृष्ठावर इंदूरच्या राजवाड्याचे चित्र, आत कविता, कोडी, विनोद, आणि शेवटच्या पानावर शाळेतील पाण्याविषयी एक लहानसा लेख. मागील व्हरांड्यातला पिण्याच्या पाण्याचा नळ तीन आठवडे बंद आहे आणि लहान वर्गांतील मुलींना पाण्यासाठी रस्त्यापलीकडे जावे लागते, असे त्यात लिहिले होते. मजकूर खरा होता. खरा होता म्हणूनच तो आम्हांला बोचला.

मुलांना ते हस्तलिखित दर्शनी फलकावर लावायचे होते. आम्ही पाने चाळली, चष्मा काढला आणि सांगितले, की असे काही फलकावर लावण्याची तरतूद नियमांत नाही. त्यावर त्यांच्यातील एक मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, “सर, पर मना कहाँ लिखा है?”

आम्ही त्याला वर्गात पाठविले. हस्तलिखित टेबलाच्या खणात गेले. प्रश्न मात्र मनातून जाईना.

त्या रविवारी आमचे मेहुणे घरी आले होते. ते येथील उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे वकिली करतात. चहा घेता घेता आम्ही ही हकीकत सांगितली, तेव्हा ते हसून म्हणाले, “भाऊजी, तुमच्या विद्यार्थ्याने विचारला तोच प्रश्न साठ वर्षांपूर्वी मुंबई उच्च न्यायालयात विचारला गेला होता, आणि तोही एका मराठी हस्तलिखितासाठीच!” पुढच्या खेपेस त्यांनी त्या निकालपत्राची प्रत आणून दिली. आम्ही कायद्याचे पंडित नव्हे. आमचे आयुष्य मराठी भाषा आणि मुले यांच्यात गेले. तरीही ते निकालपत्र आणि त्यामागोमाग आणखी काही निकाल वाचल्यावर जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

तुरुंगातून निघालेला ग्रंथ

१९६२ साली चीनने आक्रमण केले आणि देशात आणीबाणी पुकारली गेली. भारत संरक्षण नियमांखाली अनेकांना खटल्यावाचून स्थानबद्ध करण्यात आले. त्यांत कामगार चळवळीतील कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर पांडुरंग संझगिरी हेही होते. त्यांना मुंबईच्या तुरुंगात ठेवले होते. तेथे त्यांनी रिकामा वेळ वाया न दवडता मराठीत एक ग्रंथ लिहिला. त्याचे नाव ‘अणूच्या अंतरंगात’. विषय शुद्ध विज्ञानाचा. अनुक्रमणिका पाहिली तरी कळावे, की यात राजकारणाचा गंधही नाही.

ग्रंथ पुरा झाल्यावर तो प्रसिद्धीसाठी बाहेर पाठविण्याची परवानगी त्यांनी महाराष्ट्र शासनाकडे मागितली. १९६५ च्या मार्च महिन्यात शासनाने ती नाकारली. तेव्हा त्यांनी तुरुंगातूनच मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला.

शासनाचे म्हणणे काय होते? ते वाचताना आम्हांला आमचाच आवाज ऐकू आल्यासारखे झाले. स्थानबद्ध माणसाला कोणत्या सवलती मिळतात, त्यांचे नियम केलेले आहेत. ग्रंथ लिहून बाहेर पाठविणे ही सवलत त्या नियमांत कोठेही नाही. जी यादीत नाही ती मिळणार नाही. थोडक्यात, ‘तरतूद नाही’.

उच्च न्यायालयाने हे मान्य केले नाही. स्थानबद्धतेच्या हुकुमाने माणसाचे हिंडणे-फिरणे थांबते. परंतु नागरिक म्हणून त्याचे बाकीचे हक्क त्या हुकुमाने आपोआप नष्ट होत नाहीत. ज्या गोष्टीला नियमांनी आडकाठी केलेली नाही ती तो करू शकतो. विज्ञानावरील या ग्रंथाने देशाच्या संरक्षणाला कसलाही धोका नाही. सबब ते हस्तलिखित त्यांच्या पत्नीकडे पाठवू द्यावे, असा आदेश न्यायालयाने दिला.

शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी १९६५ च्या सप्टेंबरात दिलेल्या निकालात उच्च न्यायालयाचा आदेश कायम केला. त्यांचे उत्तर मोठे मार्मिक आहे. स्थानबद्धाच्या अटींचे नियम हे सवलतींचे दानपत्र नव्हे, ती निर्बंधांची यादी आहे, असे ते सांगतात. शासनाचा युक्तिवाद खरा मानला, तर नियमांत जेवण देण्याची अट लिहिली नसल्यास कैद्याला उपाशी मारण्याचीही मोकळीक होईल!

वाचकहो, या निकालातील भेद बारीक दिसतो. पण नागरिकाचे सारे स्वातंत्र्य त्यावर उभे आहे. सत्ताधारी म्हणतो, “परवानगी कोठे लिहिली आहे ते दाखव.” नागरिक म्हणतो, “मनाई कोठे लिहिली आहे ते आपण दाखवा.” दाखवून देण्याचा भार कोणाच्या खांद्यावर टाकायचा, एवढाच प्रश्न असतो. १९६५ साली न्यायालयाने तो भार सत्तेच्या खांद्यावर ठेवला.

जवळचे दार

संझगिरींनी अर्ज केला तो घटनेच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली. मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क ३२ व्या अनुच्छेदाने दिला आहे, आणि डॉ. आंबेडकरांनी त्याला घटनेचा आत्मा म्हटल्याचे पुष्कळांना ठाऊक असते. २२६ वा अनुच्छेद मात्र तितका कोणाच्या तोंडी नसतो. वास्तविक त्याचा विस्तार अधिक मोठा. मूलभूत हक्कांखेरीज अन्य कायदेशीर हक्कांसाठीही उच्च न्यायालय त्याखाली शासनाला आदेश देऊ शकते.

शिवाय हे दार घरापासून जवळ असते. दिल्ली प्रत्येकाला गाठता येत नाही. आमच्या मध्य प्रदेशात मुख्य पीठ जबलपूरला, खंडपीठे इंदूरला आणि ग्वाल्हेरला. बेळगावकरांना धारवाडचे खंडपीठ जवळ, गोव्याला मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ, बडोदेकरांना अहमदाबाद, हैदराबादकरांना तर गावातच उच्च न्यायालय.

या अनुच्छेदाखालील आदेशांत सर्वांत जुना आणि सर्वांत मोलाचा आदेश म्हणजे हेबिअस कॉर्पस, अर्थात बंदी प्रत्यक्षीकरण. हा अर्ज कैद्याने स्वतःच केला पाहिजे असे नाही. त्याच्या वतीने त्याची पत्नी, भाऊ वा मित्रही करू शकतो. न्यायालय डांबून ठेवणाऱ्याला सांगते : माणूस हजर करा, आणि त्याला कोणत्या कायद्याने धरून ठेवले आहे ते सांगा. कारण कायदेशीर असेल तर माणूस परत कोठडीत जातो. नसेल तर सुटतो. मुळात हाही प्रश्न तोच : कोठे लिहिले आहे ते दाखवा.

नऊ न्यायालये आणि एक

या प्रश्नाची खरी कसोटी लागली ती १९७५ साली. त्या वर्षी आम्ही सहा वर्षांचे होतो. आमच्या वाड्यात समोरच्या खोल्यांत एक काका राहात. ते समाजवादी विचारांचे होते, एवढे पुढे मोठेपणी कळले. एका पहाटे त्यांना पोलीस घेऊन गेले. ‘मिसा’ हा शब्द आम्ही तेव्हा प्रथम ऐकला आणि ते कोणा बाईचे नाव असावे अशी आमची समजूत झाली. काकू आमच्या आईला विचारीत, “अहो वहिनी, त्यांनी केलं तरी काय?” या प्रश्नाला उत्तर नव्हते, कारण सांगण्याची सोयच कायद्याने काढून टाकली होती. १९७१ च्या मिसा कायद्यात २९ जून १९७५ च्या वटहुकुमाने दुरुस्ती झाली, आणि स्थानबद्धतेची कारणे कळविण्याची गरज उरली नाही. काका १९७७ च्या आरंभी परतले, तेव्हा त्यांच्या धाकट्या मुलीने त्यांना ओळखले नाही.

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी पुकारली गेली, आणि दोनच दिवसांनी राष्ट्रपतींच्या आदेशाने १४, २१ व २२ या अनुच्छेदांतील हक्कांसाठी न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार स्थगित झाला. १९६२ सालीही असा आदेश निघाला होता. पण त्यात एक अट होती. भारत संरक्षण कायद्याखाली वा त्याच्या नियमांखाली ज्याचे हक्क हिरावले गेले असतील, त्यालाच तो आदेश लागू होता. म्हणून, “माझ्यावरचा निर्बंध त्या कायद्यात बसतच नाही,” असे संझगिरी म्हणू शकले. १९७५ च्या आदेशातून ती अटच गळाली. संझगिरी ज्या फटीतून आत शिरले ती फट बुजविण्यात आली.

तरीही देशभर अर्ज झाले. जबलपूरला स्थानबद्धांनी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. बंगळूरला अटक झालेले ग्वाल्हेरचे सुपुत्र अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि आपले मधु दंडवते यांनी कर्नाटक उच्च न्यायालयात अर्ज केला. शासनाचे उत्तर सर्वत्र एकच : हक्क स्थगित आहेत, अर्ज ऐकताच येणार नाहीत.

नऊ उच्च न्यायालयांनी हे म्हणणे फेटाळले. त्यांत मध्य प्रदेश होते, मुंबईचे नागपूर खंडपीठ होते, कर्नाटक, आंध्र प्रदेश, दिल्ली आणि अलाहाबादही होते. स्थानबद्धतेचा हुकूम खरोखर त्या कायद्याखाली, अधिकार असलेल्या माणसाने आणि प्रामाणिक हेतूने काढला आहे काय, एवढे तपासण्याचा आमचा अधिकार संपलेला नाही, असा त्यांचा आशय होता. दिल्लीत तर पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या पत्नीच्या अर्जावर निकाल येणार असे दिसताच शासनाने नय्यर यांना सोडून दिले, आणि आता निकालाची गरज नाही असे सांगितले. न्यायमूर्ती रंगराजन आणि न्यायमूर्ती अग्रवाल यांनी तरीही सप्टेंबर १९७५ मध्ये निकाल दिलाच.

ही सर्व प्रकरणे ‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर’ या शीर्षकाखाली सर्वोच्च न्यायालयात एकत्र आली. तेथे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादींना विचारले, की पोलिसाने वैयक्तिक वैरातून एखाद्याचा जीव घेतला तरी उपाय नाही काय? आणीबाणी असेतो नाही, असे उत्तर मिळाले. २८ एप्रिल १९७६ रोजी निकाल लागला. पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी शासनाचे म्हणणे मान्य केले. त्या चौघांत पुण्यात जन्मलेले न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड हेही होते. एकट्या खन्नांनी विरोधी मत नोंदविले. नऊ उच्च न्यायालयांचे निकाल एका दिवसात पुसले गेले.

त्या निकालांची किंमतही मोजावी लागली. १९७६ साली उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायमूर्तींच्या दूरवर बदल्या झाल्या. न्यायमूर्ती रंगराजन गुवाहाटीला गेले. न्यायमूर्ती अग्रवाल यांना पुन्हा सत्र न्यायाधीश व्हावे लागले. जानेवारी १९७७ मध्ये खन्नांना डावलून त्यांच्यानंतरच्या न्यायमूर्तींना सरन्यायाधीश नेमले गेले, आणि खन्नांनी राजीनामा दिला. आम्ही सरकारी नोकर आहोत. बदलीचा कागद हातात पडला म्हणजे घरात काय होते, हे आम्हांला ठाऊक आहे. त्या न्यायमूर्तींच्याही घरी मुलांच्या शाळा असतील, म्हातारे आईवडील असतील. हे सारे दिसत असूनही त्यांनी जे योग्य वाटले ते लिहिले.

मासिकाच्या वाचकांसाठी

त्याच काळातील दोन निकाल नियतकालिकांविषयी आहेत, म्हणून येथे सांगितलेच पाहिजेत. मुंबईहून मिनू मसानी ‘फ्रीडम फर्स्ट’ हे लहानसे मासिक चालवीत. सेन्सॉरने त्यातील मजकुरावर काट मारली. मसानी उच्च न्यायालयात गेले, आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यायमूर्ती मादन आणि न्यायमूर्ती कानिया यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. सर्व पत्रांना एकाच सुरात बोलावयास लावणे हे सेन्सॉरचे काम नव्हे, असे त्यांनी बजावले. दुसरा निकाल गुजरात उच्च न्यायालयाचा. बडोद्याहून निघणाऱ्या ‘भूमिपुत्र’ या सर्वोदयी पत्राविरुद्ध कारवाई झाली होती. अहमदाबादच्या नागरी स्वातंत्र्य परिषदेचा वृत्तांत छापला, हा त्याचा अपराध. त्या परिषदेत मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती, मूळचे सासवडचे वि. म. तारकुंडे बोलले होते. न्यायालयाने सेन्सॉरच्या जाचक मार्गदर्शक सूचना रद्द केल्या. निकाल देणाऱ्यांपैकी न्यायमूर्ती शेठ यांची पुढे आंध्र प्रदेशात बदली झाली, तेव्हा त्यांनी स्वतःच २२६ व्या अनुच्छेदाखाली अर्ज केला. न्याय देणाऱ्यालाही अखेर त्याच दारी उभे राहावे लागले!

पुसलेली अक्षरे पुन्हा उमटली

१९७६ साली कोणी म्हटले असते, की नऊ उच्च न्यायालयांचे श्रम वाया गेले, तर त्याला दोष देता आला नसता. परंतु पुढे काय झाले पाहा. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ठरविले, की आणीबाणीतही २० व २१ या अनुच्छेदांचे हक्क स्थगित करता येणार नाहीत. म्हणजे उच्च न्यायालये जे वाचवू पाहात होती ते घटनेतच कोरले गेले. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणाच्या हक्काच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जबलपूर प्रकरणाचा निकाल चुकीचा ठरवून रद्दबातल केला. त्या वेळचे प्रमुख निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी. १९७६ च्या बहुमतातील न्यायमूर्ती चंद्रचूड त्यांचे वडील. पित्याच्या निकालातील चूक मुलाने लेखणीने दुरुस्त केली, तीही आदर न सोडता. शिक्षक म्हणून आम्हांला या घटनेचे फार अप्रूप वाटते.

उच्च न्यायालये नेहमीच स्वातंत्र्याच्या बाजूने उभी राहतात, असे मात्र कोणी समजू नये. केरळातील एका शाळेत तीन मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहात. परंतु त्यांच्या ख्रिस्ती पंथाच्या श्रद्धेमुळे ती गात नसत. १९८५ च्या जुलैत त्यांना शाळेतून काढले. केरळ उच्च न्यायालयाने त्यांचा अर्ज नामंजूर केला. १९८६ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि मुलांना शाळेत परत घेण्यास सांगितले. राष्ट्रगीत गाण्याची सक्ती करणारा कायदाच नाही. खात्याची परिपत्रके म्हणजे कायदा नव्हे, आणि उभे राहून त्या मुलांनी योग्य तो मान राखलाच होता, असे न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी म्हटले. येथेही प्रश्न तोच होता : सक्ती कोठे लिहिली आहे? फक्त यावेळी उच्च न्यायालयाने तो विचारला नाही, सर्वोच्च न्यायालयाने विचारला. म्हणून दोन्ही दारे हवीत.

परिपत्रकाच्या त्या उल्लेखाने आम्ही चपापलो. आमची तीस वर्षांची नोकरी परिपत्रके वाचण्यात आणि वाचून दाखविण्यात गेली आहे. वरून आले म्हणजे तो कायदाच, अशी सवय हाडीमाशी भिनते. ती सवय घेऊनच आम्ही मुलांना ‘तरतूद नाही’ म्हणालो होतो.

आपल्यापैकी बहुतेकांच्या आयुष्यात उच्च न्यायालयाची पायरी चढण्याचा प्रसंग येऊ नये, अशीच आमची इच्छा. परंतु आलाच, तर पैसा नाही म्हणून मागे फिरू नये. १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीतील माणसे यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. त्यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात विधिसेवा समिती असते, जिल्ह्यात प्राधिकरण असते. आमच्या वाड्यातील काकूंना यातले काही ठाऊक नव्हते. आणि ठाऊक असून त्या वर्षी उपयोग झाला असता की नाही, कोण जाणे. आज तसे म्हणण्याची वेळ नाही.

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा आम्ही खणातून ते हस्तलिखित काढले आणि वर्गात नेले. “फलकावर लावा,” असे सांगितले. आणि आमचे चुकले होते, हेही सांगितले. शेवटची वाक्ये उच्चारताना जीभ थोडी जड झाली. मुलांनी हस्तलिखित लावले. लहान मुली टाचा उंचावून ते वाचीत होत्या. पाण्याच्या लेखापुढे मात्र आम्ही उभे राहू शकलो नाही. कारण नळ तोवर दुरुस्त झालेला नव्हता. दुसऱ्या दिवशी नळवाल्याला बोलावले. खर्चाला कोणत्या शीर्षाखाली मंजुरी घ्यावी, हा प्रश्न होताच. आम्ही नियमांचे पुस्तक उघडले आणि आयुष्यात प्रथमच, परवानगी कोठे आहे हे न शोधता, मनाई कोठे लिहिली आहे ते शोधले. ती कोठेही सापडली नाही.